ओळ उचलायला जागा

रवि. ९ फेब्रु. ८६
काल लोधिवलीला लक्ष्मणदादांच्या गायन पार्टीचा कार्यक्रम. हे, मी आणि शेजारची काशीआत्या. टेंपोतून गेलो. आत्या वाटभर घसा खाकरत होती. म्हणे, "आज दावते भिसेगावच्या बायांचा आवाज."
कसलं काय! स्टेजवर ढोलकी नाही, पेटी नाही. दादांचा पुतण्या संजय इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून उभा. बाजूला तालाचं यंत्र, बटण दाबलं की धाडधाड सुरू. दादा चमचमत्या जाकिटात. लहानपणापासून पांढऱ्या सदऱ्यात बघत आले त्यांना. ओळखूच येईनात.
शेवटी आमचं गाणं. "टोपली ठेव खाली गं पोरी, पाटी घे हातात." इथे दादा ओळ म्हणून थांबतात, ढोलकी थांबते, मग बायका तीच ओळ उचलतात. वर्षानुवर्षांची रीत. आम्ही छाती भरून श्वास घेतला आणि यंत्र गेलं की पुढे! आत्याचं तोंड उघडं ते उघडंच.
येताना टेंपोत मला रडू आलं. रागाचंच.

मंगळ. ११
मी लहान असताना हेच गाणं ऐकून आई घरी आली आणि माझ्या डोक्यावरची शेणाची टोपली स्वतःच्या हातानं उतरवली. दुसऱ्या दिवशी शाळेत नाव. आज कशेळ्याच्या शाळेत बाई म्हणून उभी राहते ती त्या ओळीमुळे. आणि त्या ओळीची ही दशा.
मधल्या सुट्टीत चौथीच्या मुली तेच गाणं म्हणत नाचत होत्या. नव्या चालीवर. तोंडानंच गिटार, ट्यांव ट्यांव. ओरडणार होते, पण कार्ट्यांना शब्द सगळे पाठ.

रवि. १६
विहारात जयंतीची मीटिंग. कार्यक्रम कुणाचा? दरवर्षी हा प्रश्न नसतोच, दादांचाच. यंदा तरणे म्हणतात दादाच हवेत, गिटार आहे. म्हातारे म्हणतात दुसरी पार्टी बघा. मी उठले. "गाणं ऐकायचं असेल तर दादांना बोलवू नका. धिंगाणा हवा असेल तर खुशाल बोलवा."
आत्यानं मांडीवर थाप मारली. हे खाली बघत होते. निर्णय पुढच्या मीटिंगला.
घरी येऊन हे एवढंच म्हणाले, "भर सभेत बोलायची गरज नव्हती." होती. मी का गप्प बसू?

रवि. २३
दुपारी दादा स्वतः दारात. एकटेच. जयभीम केला, पाणी प्यायले. म्हटलं, आता भांडण. मीच सुरुवात केली, "दादा, आमची ओळ खाल्लीत तुम्ही."
हसले. म्हणाले, "खाल्ली गं बाय. काय करू? यंत्र थांबत नाय."
"मग ढोलकी कुठं गेली?"
तेव्हा माझ्या लक्षात आलं, दादा मघापासून कुजबुजल्यासारखे बोलतायत. म्हटलं, सर्दी असेल. सर्दी नाही. "गळा गेला माजा. वरच्या पट्टीत चढला की फाटतो. ढोलकी थांबली की समद्यांना ऐकू येतंय. त्या धाडधाडीत ऐकू येत नाय." डॉक्टरांनी गाऊ नका सांगितलंय. "गायलो नाय तर मी कोन हाय, शकू? घरात खुर्चीवर बसलेला म्हातारा."
जाकीटही संजयनं आणलेलं. उकडतं म्हणाले.
कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली. जाताना चपला उलट्या घालत होते, मी सरळ करून दिल्या. मी मेली काय काय बोलले त्या मीटिंगमध्ये.

रवि. २ मार्च
मीटिंग. मी उठून म्हटलं, दादांनाच बोलवा. सगळे हसले. एक जण म्हणाला, "बाईंना गिटार आवडली वाटतं!" दादांचं नाव पक्कं झालं.
आत्या बाहेर वाट बघत होती. "पलटी खाल्लीस गं! कुनी भरवलं तुला?" काय सांगणार? शपथ. "आत्या, जाऊ दे ना" म्हटलं तर पदर झटकून गेली.

शुक्र. ७
आत्या बोलत नाही. वाटीभर कालवण दिलं ते परत आलं. न खाता आमच्याच पातेल्यात ओतलं, वाटी घासून ठेवली आणि गेली.

गुरु. २०
एस्टीत अचानक सुचलं. गळा फाटतो तो त्या एका वरच्या ओळीला. मग ती ओळ दादांनी म्हणायचीच कशाला? "टोपली" एवढा शब्द टाकायचा आणि थांबायचं. अख्खी ओळ बायकांनी न्यायची, दोनदा, तीनदा. तेवढा गळ्याला विसावा. यंत्रानं झाकतायत ते आम्ही झाकू की! आधीच का नाही सुचलं? कशेळं कधी आलं कळलंच नाही, कंडक्टरनं हाक मारली.

रवि. २३
यांना घेऊन लोधिवलीला. यांना विहिरीजवळ थांबवलं, शपथेपायी. हे काही विचारत नाहीत, भलं माणूस आहे.
दादांना सांगितलं. संजय आतून म्हणाला, "काकी, मधे यंत्र बंद केलं तर गाणं मरतं. पोरं शिट्ट्या मारतील." बिचारा खोटं बोलत नाही. कष्टानं बसवलंय त्यानं सगळं. काकांचा गळा त्यालाच आधी कळला, गिटार त्यासाठीच शिकला म्हणे. मी त्याला मनात किती शिव्या दिल्यात.
दादा शेवटी म्हणाले, "थांबलो आनि तुमी बायांनी उचललं नाय तर? भिसेगावात, समद्यांसमोर?"
मी म्हटलं, उचलू.
"काशी हाय का तुज्यासंगं?"
मी विहिरीकडे बघितलं. त्यांना कळलं. आत्या सुरू करते तेव्हाच बाकीच्या बायका गातात, हे दादांना माझ्याआधीपासून ठाऊक.
"बघू," म्हणाले.

शनि. १२ एप्रिल
आत्याकडे गेले. भाकऱ्या थापत होती. वर न बघता, "मी नाय येनार. आली तरी तोंडाला कुलूप. त्यानं आमाला गप केलं, आता आमी गप."
"आत्या, एकदा थांबतील ते. थांबले तर?"
"का थांबंल? तुज्या सांगन्यानं?"
जिभेवर आलं होतं सगळं. गिळलं. आत्यानं माझ्याकडे बघितलं एकदाचं. म्हणाली, "तुज्या आयशीसंगं ती ओळ मी पयल्यांदा उचलली, म्हाईत हाय का?" माहीत नव्हतं. भाकरी करपली, मग माझ्यावरच ओरडली.

सोम. १४
सकाळी वंदना, मिरवणूक. पाय दुखतायत. घाईत लिहितेय. दिवे लागले. पांढरी साडी नेसले. स्वैपाकघरात दार लावून ओळ म्हणून बघितली. वरच्या पट्टीत आवाज चिरकतो माझा. शाळेत पाढे म्हणून घ्यायचा आवाज हा, गाण्याचा नाही. हे बाहेरून म्हणाले, "चालेल." चालेल काय! इतके दिवस काही न विचारणाऱ्या माणसाला बरोबर कळलंय.
मांडवातून संजयची गिटार ऐकू येतेय. तार लावतोय.
दारात आत्या. नवं लुगडं, हातात घडी केलेली सतरंजी. "चल गं शके, फुडची जागा धरायची हाय."
"गाणार का?"
"तो थांबंल तवा बघू."
म्हणजे दादा आमची वाट बघणार आणि आत्या दादांची. कुणीच सुरुवात केली नाही तर मी चिरकत का होईना सुरू करणार आहे.
आत्या हाका मारतेय.