कोणत्या नावानं

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार
अमृत परत बाप्तिस्मा घेऊन आला. दुसरा! मला न सांगता. बेल्ह्याच्या बाजारात गाय बघतो म्हणून गेला आणि ओले कपडे पिशवीत घालून आला. स्वतःच दोरीवर वाळत टाकले. हे काय, विचारलं तर म्हणाला, "आता खरा झालो. फक्त येशूच्या नावानं."
म्हणजे लग्नानंतर सोमाजीकाकांनी आम्हा दोघांना नदीत उभं केलं, पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशी तिन्ही नावं घेऊन बुडवलं — ते खोटं? काका आमचे पाळक, रविवारची प्रार्थना तेच घेतात. त्यांच्यामुळंच आम्ही प्रभूकडे आलो.
भाकरी थापत राहिले. तवा करपला तरी कळलं नाही.

१२ नोव्हेंबर
हे सगळं त्या सावळेराम ब्रदरचं. चाकणहून येतो, दर बुधवारी आणि रविवारी ओतूरला एका हॉलमध्ये बोलतो. अमृत त्याचंच पाठ केल्यासारखं बोलतो. "देव एकच. त्योच बाप, त्योच येशू झाला, त्योच आत्मा. तीन जण म्हणलं की तीन देव झाले."
मी म्हटलं, मग येशू प्रार्थना कुणाला करत होता? स्वतःलाच?
"शास्त्रात पिता, पुत्र, आत्मा ह्यांच्या 'नावानं' हाय, 'नावांनी' न्हाई. ते नाव येशू. शिष्यांनी त्याच नावानं बाप्तिस्मे दिले."
सासूबाई ओट्यावरून ऐकत होत्या. त्या आमच्यात आल्या नाहीत, खंडोबा सोडला नाही. म्हणाल्या, "एकच देव पायजे म्हनून गेला व्हता ना तिकडं? आता त्यो एक का तीन, ह्याच्यावरून ताटं आपटताय!"
एरवी हसले असते.

१६ नोव्हेंबर, रविवार
काकांच्या घरी प्रार्थनेला एकटीच गेले. सतरंजी अर्धी रिकामी. बाकीचे ओतूरला. काका वाचताना अडखळत होते. अमृतचं नाव निघालं तर उठून पाणी प्यायला गेले.

१७ नोव्हेंबर
आज तोंडातून निघालंच — "आणि हर्षाली?"
आमची हर्षाली. तिसरीत होती. मागच्या पावसाळ्यात ताप डोक्यात गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा काकांना फोन केला. मी रक्ताची पिशवी आणायला पळाले होते. परत आले तोवर काकांनी पेल्यातल्या पाण्यानं तिला बाप्तिस्मा दिला होता. "झालं पोरी. ती प्रभूची झाली." संध्याकाळी गेली.
त्या एका वाक्यावर मी आजवर उठतेय, जेवतेय, टोमॅटो तोडतेय. तीन नावांचा बाप्तिस्मा खरा नसेल तर माझी पोर कशी गेली? कुणाची गेली?
अमृत बघत राहिला. चपला घातल्या, शेतात निघून गेला.

१९ नोव्हेंबर
ओतूरला गेले. सरळ सावळेराम ब्रदरपुढं उभी राहिले. तरुण आहे, बोलायला मऊ. खुर्ची दिली. म्हणाला, "ताई, न्याय करणारा मी न्हाई. पण तीन नावं घेतली असतील तर त्याला बाप्तिस्मा म्हणता येत न्हाई."
"लेकराची काय चूक?"
"तुमी तरी पाण्यात या ताई. तुमचं तरी होऊ द्या."
मी त्या पाण्यात उतरले म्हणजे माझ्याच तोंडानं कबूल केलं की तिचं झालं नव्हतं. तिला मागं ठेवून मी एकटी पुढं जाऊ? आई आहे मी!
निघाले ती चपला तिथंच विसरले. स्टँडपर्यंत अनवाणी.

२१ नोव्हेंबर
प्रार्थना होत नाही. 'बापा' म्हटलं की पुढं काही सुचत नाही. कुणाला हाक मारतेय मी?

२२ नोव्हेंबर
अमृत म्हणाला, "उद्या नदीवर ये. माझ्यासाठी ये. तूबी त्याच नावात आलीस की झालं."
"काय झालं?"
त्यानं अंथरूण घातलं.
मी म्हटलं, उद्या जबरदस्ती केलीस तर माहेरी जाईन, अवसरीला. परत येणार नाही. तो भिंतीकडं तोंड करून पडला. रडत होता की काय! मी विचारलं नाही. विचारायची ताकद नव्हती.

२३ नोव्हेंबर, रविवार
नदीवर गेले नाही. काकांकडे गेले. त्यांचे हात धरले. "काका, चला, अमृतला सांगा. तुम्ही तिन्ही नावं घेतली होती. नीट, सगळी. एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या मला."
काकांनी हात सोडवून घेतले. मग — "अमृतला इचार पोरी. त्यो व्हता तिथं. माझ्यानं न्हाई सांगवत."

२४ नोव्हेंबर
अमृतला बांधावर गाठलं, हर्षालीला पुरलंय तिथं. विचारलं. तो खाली बसला.
"काका लई रडत व्हते. नावं निघंचनात तोंडातनं. नुसतं 'येशू, येशू' म्हणले आन् पाणी घातलं. तू त्या तीन नावांवर तगली व्हतीस शीला, तुला कसं सांगू?"
मी त्याच्याजवळ मातीत बसले.
"मग सावळेराम म्हणला, तेवढं एकच नाव घेतलं की बाप्तिस्मा खरा. जिथं आपली पोर बसती, तिथं मी गेलो."