मफलरची उंची

गुंगालिन, ७ जून

चि. मिताली हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो, म्हणून पत्र लिहिते. दत्तप्रसादला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्याचा फोटो मी हट्टाने वरुणकडून उंचावर लावून घेतला आहे, त्याचा चेहरा जिथे असायचा, बरोबर तिथे. थंडीत ट्रामला निघताना त्याच्या गळ्यात मफलर मीच गुंडाळायची ना, अगदी त्या उंचीवर. आणि आता हा खांदा आखडून बसलाय. हात छातीच्या वर जात नाही. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला चंदनाचा हार मला माझ्या हाताने घालायचा आहे, लेकाच्या नाही. एवढी फिजिओथेरपिस्ट भाची असून उपयोग काय, काहीतरी सांग.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी नीलिमामावशी

स्प्रिंगफील्ड लेक्स, १५ जून

ती. मावशीस शि. सा. नमस्कार.

हात एकटा वर जात नाही गं. खांद्यातले छोटे स्नायू हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवतात, तेव्हा वरचा मोठा स्नायू हात उचलतो. त्याच वेळी पाठीवरचं पसरट हाड गुपचूप फिरून हाताला जागा करून देतं. दिसतो फक्त हात, म्हणून कौतुक त्याचंच. तुझं ते मागचं हाड नीट फिरत नाही, म्हणून तू खांदा कानापर्यंत चढवतेस. व्हिडिओवर पाहिलंय मी, चोरी पकडली आहे! खांदा खाली ठेव आणि भिंतीवरून बोटं हळूहळू वर चालव. दुखलं की थांब, हट्ट करू नकोस. रोजच्या वस्तू खालच्या कप्प्यात ठेवायला वरुणला कळवलं आहे.

काकांची आठवण मलाही येते. इथे थंडी नसते, तरी त्यांनी दिलेली टोपी घालते.

माया कमी करू नकोस, रागावलीस तरी.
तुझी मिताली

गुंगालिन, २० जुलै

चि. मितालीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या शिकवणीने बोटं वर सरकू लागली होती, त्याच्या शर्टाची बटणं असायची तिथवर. पण श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुकानातून परतले, तर वरुणने डबे-बरण्यांबरोबर फोटोही खाली आणलेला. मी खूप बोलले त्याला. बापाला बुटका केलास, म्हणाले. आयुष्यभर माझा हात पोचला तिथे, आता पोचणार नाही असं का ठरवलंस, म्हणाले.

तो इंग्रजीतच हळू म्हणाला, की तुला कधी पोचावंच लागलं नाही आई, बाबा रोज तुझ्यासाठी वाकायचे. जिन्यावर बसून आपले बूट घालताना वरुण ते बघायचा म्हणे.

मिताली, मला हे माहीतच नव्हतं. माझं सगळं लक्ष मफलरच्या गाठीत असायचं. इतकी वर्षं मला वाटायचं, माझा हात एवढा उंच जातो. तो वाकायचा, आणि मी एकदाही पाहिलं नाही. आता कोणाला सांगू?

फोटो खालीच राहू दिला. काल हार घातला, माझ्या हाताने. खांदा दुखला नाही, दुखला असता तर बरं वाटलं असतं. वरुण जेवायला हाक मारत होता, पण मी तिथेच उभी होते. हार घालून झाला होता, आणि मी दत्तप्रसाद सरळ होण्याची वाट पाहत होते.

जमेल तेव्हा ये. मायेला आता इथे माणूस कमी आहे.
तुझी मावशी