डोक्याचा मान

३ ऑक्टोबर
ओराझालीची साठी थिएटर साजरी करणार. मोठा हॉल, मेजवानी, भाषणं. आम्ही दोघांनी एकाच नाटकात भाला धरून सुरुवात केली. आता त्याला अख्खा कझाकस्तान ओळखतो. मला आमचा वॉचमन ओळखतो, तोही चष्मा लावला तर. मला मत्सर मुळीच वाटत नाही. लिहूनच ठेवतो.

५ ऑक्टोबर
टीव्हीवर पुन्हा त्याची ती फिल्म, म्हातारा घोडे राखतो ती. बायको, कुल्याश, पुन्हा रडली. तो रोल शिकायला ओराझाली महिनाभर गावी माझ्या बाबांकडे राहिला होता. पाठवला मीच, गाढवासारखा. खोकला बाबांचा, बसणं बाबांचं, बक्षीस त्याला. बाबांच्या भिंतीवर फोटोही त्याचाच. माझं एकही नाटक त्यांनी शेवटपर्यंत पाहिलेलं नाही. मध्यंतरात त्यांना घोडे आठवतात.

९ ऑक्टोबर
नव्या डायरेक्टरनं विचारलं, मेजवानीत मानाचं मेंढ्याचं डोकं कुणापुढे ठेवायचं? पाहुण्यांत ज्येष्ठ मीच. एकदा तरी ते ताट माझ्याकडे तोंड करून यावं, आणि ओराझालीनं बघावं.
अडचण एकच. बाप हयात असताना मुलानं डोक्याला सुरी लावायची नसते. लावली म्हणजे बापाला पोचवलं. म्हणून या वयातही लग्नकार्यात मी ताट दुसऱ्याकडे सरकवतो.
डायरेक्टर म्हणाला, तुमचे वडील...?
मी खोटं बोललो नाही. नुसतं छताकडे बघून सुस्कारा सोडला. त्यानं टोपी काढली. म्हणाला, माफ करा दादा, कल्पना नव्हती.

१० ऑक्टोबर
निश्चय: बाबांना मेजवानीचं कळवायचं नाही. थंडी आहे, गुडघे दुखतात. त्यांच्या भल्यासाठीच.
कुल्याश म्हणाली, अहो, धडधाकट माणसाला कशाला पोचवताय? तिला रंगभूमी कळत नाही. आरशापुढे सुरी धरून पाहिली. डावीकडून चांगला दिसतो.

१८ ऑक्टोबर
ताट आलं. तोंड माझ्याकडे. सगळा हॉल बघतोय. ओराझाली मात्र नेमका उठून दाराकडे गेला. बघवलं नसणार.
मी गालाचा तुकडा कापला. सावकाश. मान वर केली तर समोर ओराझाली, आणि त्याच्या दंडाला धरून बाबा. मला आनंद व्हावा म्हणून त्यानं गावी गाडी पाठवली होती.
डायरेक्टर पांढराफटक पडला. बाबांनी ताट पाहिलं, सुरी पाहिली, मला पाहिलं. खोकले. मग म्हणाले, "मी गेलो म्हणे. मला कुणी कळवलं नाही."
हॉल हसून हसून लोळला. ओराझालीनं त्यांना मानाच्या जागी बसवलं, ताट त्यांच्यापुढे केलं. सुरी माझ्याच हातात राहिली होती. ती कुणीतरी हळूच काढून घेतली.

१९ ऑक्टोबर
बाबा ओराझालीकडेच राहिले. सकाळी फोन केला. माफी मागायची होती, पण तोंडातून सबबीच निघाल्या.
बाबा म्हणाले, "तू नुसता सुस्कारा सोडलास म्हणे?"
हो म्हणालो.
"आणि त्या डायरेक्टरला खरं वाटलं?"
वाटलं, म्हणालो.
बाबा खोकले. मग म्हणाले, "म्हणजे जमतं की रे तुला. मला इतकी वर्षं वाटायचं, तुला जमत नाही."
फोन ठेवला आणि रडू आलं. आवरेना. कुल्याशनं चहा पुढे ठेवला. म्हणाली, पुरे आता, इथे कुणी बघत नाहीये.