खिडकी उघडी ठेवून तळलेली चिलापी

पप्पा, आज मी चिलापी तळली आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवली. तुम्हाला हे आवडणार नाही, म्हणूनच सांगतेय.

मासा बाजारातला नव्हता. पहाटे हडपसरहून गाडी काढली आणि खडकवासल्याच्या पाण्यावर गेले, तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभं करून न्यायचात तिथेच. फोन गाडीत ठेवला. रविवारीसुद्धा अमेरिकेतल्या कुणाला तरी माझ्याकडून काहीतरी हवंच असतं. गळाला गांडूळ लावताना बोटं बुळबुळीत होतात, आणि मला अजूनही त्याची किळस येत नाही. ओढ लागली की तुमचा आवाज ऐकू येतो, "झटका देऊ नको, नीट गिळू दे त्याला." घरी येऊन खवले काढले, चिरा दिल्या, हळद, मीठ, तिखट आणि ठेचलेला लसूण चोळला, वरून तांदळाचं पीठ. तव्यावर टाकल्यावर जो चर्र आवाज येतो ना, त्याच्यासाठी मी आठवडाभर ऑफिसातलं काहीही सहन करीन. आपण धरलेला मासा आपणच तळून खावा, यासारखं सुख नाही. हे मी मोठ्याने म्हणते. तुम्ही नुसतंच हसायचात, काटा चोखत.

खडकीच्या क्वार्टरमध्ये मासा तळायच्या आधी तुम्ही खिडकी लावायचात, दाराच्या फटीला ओलं पोतं सारायचात आणि उदबत्ती पेटवायचात. कुणी काही बोलायच्या आधीच. धुराने आमचे डोळे चुरचुरायचे, आई पदराने वारा घालत तव्यापाशी उभी असायची. एकदा मी खिडकी उघडली तर तुम्ही केवढ्यांदा खेकसलात! "लाव ती! मासा आपण धरलाय, हवा सगळ्यांची आहे." दिवसभर कारखान्यात दारूगोळा हाताळणारा माणूस माशाच्या वासाला का घाबरतो, हे मला तेव्हा कळलं नाही. गावाकडे लोकांनी तुम्हाला आपल्या खाण्यावरून काय काय ऐकवलं होतं, ते तुम्ही गेल्यावर आत्याने सांगितलं. त्याला आता इतकी वर्षं झाली, तरी मला तुमचा राग येतो. हवा सगळ्यांची, तर त्या सगळ्यांत आपण का नाही?

आज ताटं घ्यायच्या आधीच सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे. "मॅडम, जरा खिडकी लावून घेता का? वरच्या मजल्यावर वास जातो. बाकी काही नाही, आपल्या सोसायटीचं कल्चर जरा वेगळं आहे."

"अहो, तुमची हिंगाची फोडणी रोज सकाळी माझ्या बेडरूममध्ये येते. मी कधी आले का बेल वाजवायला?"

"तसं नव्हे. मग मीटिंगमध्ये विषय घ्यावा लागेल."

"घ्या की. मी येताना डबाच घेऊन येते."

ते गेले. मी वळून पाहते तर आईचा हात खिडकीवर. "कशाला वाद घालतेस, बाई? तुझे पप्पा असते तर केव्हाच लावली असती." मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "म्हणूनच नाही लावायची." तिने हात मागे घेतला आणि ताटावर येऊन बसली.

हे पत्र मी कुठेच टाकणार नाही. पोचण्याची सोय असती तरी टाकलं नसतं, कारण वाचून तुम्ही आधी हेच विचारलं असतंत की शेजारी काय म्हणाले. म्हणू देत. मीटिंगला मी जाणार, पुढच्या रविवारी पुन्हा गळ टाकणार आणि खिडकी उघडीच राहणार. फक्त एक गोष्ट आईला सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. जेवताना ती म्हणाली, "आज मीठ कमी पडलंय गं." मी हो म्हटलं. पण मला मीठ काय, माशाची चवच कळली नव्हती. सगळा वेळ माझे कान दाराच्या बेलकडे होते.