शिऱ्यातले बेदाणे

रविवार, ९ नोव्हेंबर. घटना संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांची.

सोसायटीच्या सत्यनारायणाला मी तीर्थाच्या रांगेत उभी होते. तेवढ्यात आमचे सेक्रेटरी बाळासाहेब यांनी बाहेर बांधलेल्या माझ्या कुत्र्याला, रूफसला, लोकांनी द्रोणात तसाच टाकून दिलेला शिरा चारला. प्रसाद कचऱ्यात जाऊ नये म्हणून. शिऱ्यात बेदाणे, मूठभर तरी.

मी म्हटलं, बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

"मॅडम, परसाद हाय तो. त्यानं कुनाचं वाईट न्हाई होत."

"मग आज डायबेटिसची गोळी घेऊ नका. तुमचेही दोन द्रोण झालेत."

सगळे हसले. तेही हसले.

रूफसला तिथून थेट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उलटी करवली. बेदाणे निघाले, सगळे निघाले का, कोण सांगणार? किती खाल्ले की बाधतात याचा नेम नाही म्हणाले, द्राक्षांचंही तसंच. सलाईन लावून त्याला तिथेच ठेवलंय. रक्ताचा रिपोर्ट उद्या. कुत्र्याला बाधतात म्हणून घरात मी कांदा आणि चॉकलेट वरच्या फळीवर ठेवते, आणि बेदाणे असे देवाच्या नावानं पोटात गेले.

राग धड येतही नाही. माणूस दुष्ट नाही. पण म्हणून काय? पुढच्या पूजेला दुसऱ्या कुणाचं कुत्रं बाहेर बांधलेलं असेल.

तेव्हा बाळासाहेब, उरलेला प्रसाद यापुढे कुठल्याही कुत्र्यापुढे ठेवणार नाही, असं सोसायटीच्या वतीनं सही करून द्या. उद्या सकाळी हेच तुम्हाला कळवते. उत्तर बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत, आणि लेखी. रूफस घरी आलेला असो वा नसो.