टाचण्याच्या गाडीचं इंजिन

ता. ९ जानेवारी

ती. ताईस,
टाचण्याचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, फक्त माझी नखं काळी झाली आहेत. काल एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर माझा अख्खा अंगठा उमटला. ते गृहस्थ अंगठ्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले.

कारण तू ओळखलंच असशील. बाबांच्या गाडीवरचं कापड अखेर काढलं. दुकानामागच्या शेडमध्ये ती चार विटांवर उभी आहे. पत्रा बरा आहे, काच शाबूत आहे, गाद्या तर मी डोळे मिटून शिवीन. घोडं अडलंय ते इंजिनापाशी. ते जाम झालंय. शेजारचा वेल्डर म्हणतो, तीन वाटा आहेत: आहे तेच खोलून दुरुस्त करायचं, याच जातीचं दुसरं कुठून तरी मिळवायचं, किंवा टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून मोकळं व्हायचं. मला तिन्ही सारख्याच अगम्य. बाबांनी ही गाडी माझ्या नावावर का केली, देव जाणे. मला पाना आणि पक्कड यांतला फरकही परवा परवा कळला.

तू एका रविवारी ये आणि बघून सांग. तू म्हणशील तेच इंजिन.

तुझ्या लोभावरच दुकान चाललंय असं समज.
तुझा टाचण्या

---

ता. २८ जानेवारी

चि. टाचण्यास,
अनेक आशीर्वाद.

त्या रविवारी तुझ्याकडून निघाले ती थेट कामावरच आले. आमच्या धक्क्यावर दोन लाँचची इंजिनं उघडी पडली होती आणि फोरमन माझ्या नावाने खडे फोडत होता. म्हणून लिहायला उशीर.

गाडी छान ठेवली आहेस, हे आधी सांगते. आता इंजिन. ब्लॉकला भेग आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे. अशा भेगा डोळ्यांना दिसत नाहीत, हातोडीने टिचकी मारली की आवाज फुटका येतो, त्यावरून कळतात. त्यात जीव उरलेला नाही. डिझेल बसव. पुढचा आडवा बार कापावा लागेल, स्प्रिंगा जड कराव्या लागतील, वेल्डर करील ते. जुनं भंगारात दे आणि शेड मोकळी कर.

तू विचारलंस की मी एवढी गप्प का होते. गप्प नव्हते, थकले होते. अकरा वर्षं बाबांच्या हाताखाली काम केलं मी, टाचण्या. दुनियेच्या गाड्या उघडल्या. पण त्यांच्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं की मी फक्त पाने द्यायचे. स्टार्टरला हात लावू दिला नाही कधी. आणि तू त्या सीटवर बसून हॉर्न वाजवून दाखवलास मला. वाजव बाबा, तुझीच आहे. माझ्या पोटात दुखतंय असं समजू नकोस.

भावजयीला म्हणावं, चहा उत्तम होता.

माया आहेच, वेगळी काय लिहू.
ताई

---

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून दोन दिवस वाईट वाटलं. मनातून मला बाबांचंच इंजिन हवं होतं. पण तू सांगितलंस म्हणजे संपलं. टेम्पोचं डिझेल एका गॅरेजवाल्याने राखून ठेवलंय.

जुनं खाली उतरवताना गंमत झाली. वेल्डरने चारही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाला, मला तर कुठे भेग दिसत नाही. मी त्याला असा झापला की बिचारा पत्रा कापायला निघून गेला. त्याला सांगितलं, माझ्या ताईचा कान आहे तो, तू काल धंद्यात आलास. रागावलाय अजून.

बाबांचे जुने मित्र रोज शेडमध्ये डोकावतात. काल एक जण म्हणाले, शोभतोस हो बापाचा मुलगा! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तसं म्हणालं.

भंगारवाला चोवीस तारखेला दुपारी हातगाडी घेऊन येतोय. गाद्यांसाठी तपकिरी कापड काढून ठेवलंय, त्याचा तुकडा सोबत पाठवतोय. कसा आहे?

असाच लोभ राहू दे, मी तर गृहीतच धरलाय.
टाचण्या

---

ता. २४ फेब्रुवारी

टाचण्या,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. आधी तार केली: इंजिन देऊ नकोस. कारण तारेत मावत नव्हतं, म्हणून हे.

भेग नाही. कधीच नव्हती.

त्या रविवारी मी तुला चिंध्या आणायला दुकानात पाठवलं, आठवतं? तू वळलास आणि मी पुढून हँडल लावून जोर दिला. इंजिन इंचभर फिरलं. रिंगा गंजून चिकटल्यात, बाकी काही नाही. तेल सोडून आठवडाभर ठेवलं असतं तर सुटलं असतं. हे मला तेव्हाच, हाताला कळलं.

मग तू चिंध्या घेऊन आलास, हसत. आणि मला दिसलं की सहा महिन्यांनी हाच माणूस, ज्याला पाना धरता येत नाही, बाबांचं इंजिन चालू करणार. लोक याची पाठ थोपटणार. जे मला अकरा वर्षांत करू दिलं नाही ते याला असं सहज मिळणार. ते मला सहन झालं नाही. पत्र लिहायला बसले आणि लेखणीतून भेग निघाली. एकदा निघाल्यावर मी तिची जागाही सांगितली, कोणता सिलिंडर तेही. इतकी वर्षं ज्या कानाच्या जिवावर पोट भरलं तोच कान मी खोटं बोलायला वापरला.

तू माझ्यासाठी वेल्डरशी भांडलास, ते वाचून इथे बाकावर बसून राहिले.

हे वेळेत मिळालं तर भंगारवाल्याला थांबव. मग मला काय बोलायचं ते बोल.
ताई

---

ता. १२ मार्च

ती. वन्संना,
भावजयीचा शि. सा. न.

यांनी तुम्हाला उत्तर दिलं नाही आणि देतील असं दिसत नाही, म्हणून मीच लिहिते.

तार आली संध्याकाळी. हातगाडी दुपारीच गेली होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच हे धावत गेले, मीही मागोमाग. भंगारवाल्याने तोवर घणाने ब्लॉकचे तुकडे केले होते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तसंच फोडतात म्हणे. हे तिथे उकिडवे बसले आणि एकेक तुकडा उलटून बघत राहिले. भेग शोधत होते. तुमचं पत्र अजून यायचं होतं ना. त्यांना वाटत होतं, तार चुकून आली असेल, ताईचं खरंच असेल.

पत्र आलं ते त्यांनी काउंटरवर उभ्याने वाचलं. मग कात्रीच्या खणात ठेवलं. डिझेलही नको म्हणून कळवलं. शेडला कुलूप आहे.

मी तुमच्यावर फार रागावले, हे लपवत नाही. पण मीही काही सोवळी नाही. गेले दोन महिने त्या गाडीचा मला इतका मत्सर वाटत होता की इंजिन गेलं त्या दुपारी मनात म्हटलं, बरं झालं. म्हणून तुमच्यावर ओरडायला तोंड उरलं नाही.

एक सांगायचं राहिलंय. मामंजींच्या शेवटच्या आजारात मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं, गाडी वन्संना का दिली नाहीत. ते म्हणाले, तिला दिली तर ती दोन महिन्यांत एकटीच चालू करून मोकळी होईल. त्याला दिली तर त्याला तिच्या दारी जावं लागेल. औषधांच्या गुंगीत होते, खरं किती कोण जाणे. यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्हाला आधी कळायला हवं.

प्रकृतीला जपा. राग असला तरी हे मनापासून.
तुमची भावजय

---

ता. २० एप्रिल

चि. टाचण्यास,
आशीर्वाद. ते घेणं न घेणं तुझ्याकडे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे.

आमच्या धक्क्यावरच्या एका जुन्या लाँचला बाबांच्या गाडीच्याच जातीचं इंजिन होतं. तेव्हा ते बोटींनाही बसवत. लाँच मोडीत निघाली, इंजिन मी मागून घेतलं. पाच आठवडे, काम संपल्यावर, त्यावर बसले. रिंगा नवीन, बेअरिंगा नवीन, व्हॉल्व्ह घासून बसवले. लाकडी खोक्यात भरून मालगाडीने पाठवलंय.

आता त्यातले दोष. पाणी फिरतं त्या आतल्या वाटा खाऱ्या पाण्याने थोड्या खाल्ल्या आहेत. तिसरा सिलिंडर किंचित जास्त झिजलाय. पाठीमागच्या एका बोल्टचे आटे गेले होते, ते मी भरले, पण तिथे जोर लावू नकोस. गाडीला कुठेही कापाकापी लागणार नाही. डिझेल दणकट होतं हे खरं, पण त्यापायी ती गाडी टेम्पो झाली असती. तेव्हाही मला हे माहीत होतं.

यावर बाबांचा हात फिरलेला नाही. तो मला कुठूनच आणता येणार नाही. नको असेल तर खोकं उघडूही नकोस, परत पाठव. हवं असेल तर माझ्या शब्दावर बसवू नकोस, त्या वेल्डरकडून तपासून घे. आणि त्याची माफी मात्र मी मागते, त्याला सांग.

माझा लोभ तुला नकोसा झाला असेल, तरी तो आहे.
ताई

---

ता. ३ जून

ताईस,
सा. न.

खोकं तीन आठवडे तसंच दुकानाच्या दारात पडून होतं. गिऱ्हाइकं त्यावर बसून बटणं निवडायची. मग एका सकाळी कुणीतरी विचारलं यात काय आहे, आणि मला सांगता येईना.

उघडलं. वेल्डरला बोलावलं. तुझं पत्र त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, यातलं एकेक वाक्य खरं की खोटं ते बघून सांग. चार दिवस लागले. सगळं खरं निघालं. तिसरा सिलिंडर तू लिहिलंस त्याहून थोडा अधिकच झिजलाय. वेल्डर म्हणाला, तुझ्या ताईने याला हात लावताना श्वास रोखून धरला असेल. तुझी माफी त्याला पोचली, त्याने मान हलवली.

तेव्हा मी ठरवलं, हेच बसवायचं. पहिल्यांदा मी ठरवलं, हे लक्षात घे.

आता माझं ऐक. लहानपणी मी वरच्या खिडकीत बसायचो आणि खाली एका बॉनेटखाली दोन डोकी दिसायची, बाबांचं आणि तुझं. मी खाली आलो की बाबा म्हणायचे, कपडे खराब होतील, वर जा. मी शिवण शिकलो, कारण घरात कुणालाच ती येत नव्हती, तिथे मला तुझ्यापेक्षा वाईट ठरवणारं कुणी नव्हतं. तू लिहिलंस की तुला स्टार्टरला हात लावू दिला नाही. तुला पाने तरी देऊ दिले. त्या खिडकीत बसून मी तुझ्यावर किती जळायचो, ते तुला कळलं असतं तर तू भेगेच्या भानगडीत पडलीच नसतीस. आपण दोघे एकाच माणसाकडे एकमेकांचा वाटा मोजत बसलो होतो. बाबा काय म्हणाले होते ते हिने मला परवा सांगितलं.

परवा सकाळी गाडी सुरू झाली. तिसऱ्या खेपेला. शेडभर धूर, मग आवाज. ही दारात तोंडावर पदर धरून हसत होती. बाबांच्या गाडीचा आवाज मला आठवतो, हा तसा नाही, किंचित घोगरा आहे. लाँचचा असेल. मला आवडला.

पण चढाला लागली की इंजिन ठोकतं. ठक ठक ठक. वेल्डर म्हणतो, ठिणगी जरा आधी पडतेय, मी जमवून देतो. मी त्याला हात लावू दिला नाही.

राग गेलेला नाही. जाईल तेव्हा कळवीन, उगीच विचारत बसू नकोस. तोवर रविवारी ये. स्टेशनवर मी घ्यायला येतो, वाटेत चढ आहे, तिथे नीट ऐक.

लोभ अजून पुरता बसलेला नाही, पण आहे.
टाचण्या