भरल्या गाडीची हवा

रविवार, वाई

सकाळी मिरजेत अण्णांशी चक्क टायरच्या हवेवरून भांडले. फौजेत ट्रक चालवलेला माणूस. टायर गार असतानाच पंप घेऊन बसले. माझ्या गाडीच्या दारावर हवेचे दोन आकडे आहेत, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा. अण्णांनी भरलेल्या गाडीचा धरला. आई होती तेव्हा ठीक होतं, ती डिकी गूळ-शेंगांनी गच्च भरायची. आता काय? एवढ्या हवेवर रिकामी गाडी नुसती उडते.

"अण्णा, मी एकटीच जाणार आहे. हवा कमी करा."

"ऱ्हाऊ दे गं. भरल्या गाडीचीच लागंल."

किती तो हट्ट! मी चिडून बॅग आणायला आत गेले. बाहेर येते तर डिकीत त्यांची फौजेतली ट्रंक, आईचं शिलाई मशीन, आणि अण्णा पुढच्या सीटवर पट्टा लावून तयार. आई गेल्यापासून वाईला माझ्याकडे राहायला चला म्हणतेय, तर दर वेळी "बघू".

 वाटेत गाडी मात्र एकदाही उडली नाही.

आत्ता जेवताना म्हणाले, "सकाळी टायर गार झालं की हवा कमी करतो. आता मला परत कुटं जायाचंय?"